फवारणीआधी पान उलटून बघा

वाचकांचे प्रश्न : बागेतली फुलझाडं

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य आहे, "ताई, कोणतं औषध मारू?" पाऊस ओसरला की दरवर्षी असंच होतं. पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग होती, त्यामुळे औषधांच्या वासातच मी लहानाची मोठी झाले. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. वडिलांनी आणि प्रयोगशाळेने मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे रोग ओळखल्याशिवाय पुडी फोडायची नाही. म्हणून माझ्या उत्तरांत औषधाचं नाव शेवटी येतं. तेवढा धीर धरून वाचा, ही विनंती.

प्रश्न : आमच्या गच्चीवर गुलाबाच्या चौदा कुंड्या आहेत. ऑगस्टपासून पानांवर काळे ठिपके पडतात, मग पान पिवळं होऊन गळतं. आता चार झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या आहेत. दुकानदाराने तीन औषधं दिली, ती एकत्र करून दोनदा मारली. पाण्याची हयगय नाही. ऑफिसहून आल्यावर रोज संध्याकाळी पाइपने सगळी झाडं धुऊन काढतो. काय चुकतंय?
– एक वाचक, कॉलेज रोड

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तो संध्याकाळचा पाइप बंद करा.

काळे ठिपके हा बुरशीचा रोग आहे. या बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणून लगेच रुजत नाही. त्याला पान सलग सात तास तरी ओलं लागतं. सकाळी पानावर पाणी पडलं तर उन्हाने ते तासाभरात सुकतं. संध्याकाळी सात वाजता भिजवलेलं पान मात्र दुसऱ्या दिवशी ऊन येईपर्यंत ओलंच राहतं. ऑगस्टमध्ये पावसाने जे केलं, ते पाऊस थांबल्यावर तुमच्या पाइपने चालू ठेवलं. शिवाय धारेचे शिंतोडे खालच्या आजारी पानांवरून उडून वरच्या चांगल्या पानांवर जातात. रोग एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत असाच पोहोचतो.

आधी हा तोच रोग आहे ना, याची खात्री करून घ्या. ठिपका असलेलं एक पान तोडून उजेडात धरा. काळ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपक्याची कड कधीच साफ नसते. ओल्या कागदावर शाईचा थेंब पडल्यावर चहूबाजूंनी बारीक तंतू पसरतात, तशी ती फिसकटलेली दिसते. आणि ठिपक्याभोवतीचं पान पिवळं पडू लागलेलं असतं. माझ्याकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की त्या काळ्यावर पुळ्यांसारखे बारीक उंचवटे दिसतात, बीजाणू तिथेच तयार होतात. याउलट ठिपक्याचा मध्य राखाडी आणि कड जांभळी, रेखीव असेल, तर ती दुसरी बुरशी. ती झाडाला इतकं उघडं पाडत नाही.

आता काम. कुंडीतल्या मातीवर पडलेलं एकेक पान वेचा. ही बुरशी गळलेल्या पानांत आणि फांदीवरच्या जांभळट डागांत टिकून राहते, म्हणून हे वेचणं फवारणीइतकंच महत्त्वाचं आहे. ही पानं घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका, कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. कुंड्यांमध्ये हात सहज फिरेल एवढं अंतर ठेवा. पाणी सकाळी द्या, आणि तेही मग्गाने बुंध्याशी. ऑक्टोबरच्या छाटणीत डाग असलेल्या काड्या काढून टाका.

एवढं झाल्यावर औषध. मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असं फवारा. दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी कॉपर ऑक्सिक्लोराइडची, तेही लिटरला अडीच ग्रॅम. औषध बदलून वापरा, एकत्र करू नका. तुम्ही लिहिलेल्या तीन औषधांपैकी एक कीटकनाशक आहे आणि एक टॉनिक. या रोगावर दोन्हींचा काही उपयोग नाही. कीटकनाशकाने मित्रकीटक मेले असतील आणि आजारी झाडाला टॉनिक पचलं नसेल. फवारताना हातमोजे घाला, नाक-तोंड झाका. घरात कोणी या पाकळ्यांचा गुलकंद करत असेल, तर त्या झाडांवर रसायन अजिबात नको.

काड्या उरलेली झाडं उपटू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. नवी फूट बोटभर होईपर्यंत खत देऊ नका.

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलबागांचं गाव. आजही दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे गुलाबाची शेती आहे. इथली हवा गुलाबाला मानवते. तुमच्या चौदा कुंड्याही सावरतील.

प्रश्न : आमचं घर द्राक्षबागेला लागून आहे. दर थंडीत बागेत भुरी आली की चार दिवसांत माझ्या गुलाबांवरही पांढरी भुकटी दिसते. शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणतात, तुमच्याच गुलाबांची भुरी आमच्या बागेत येते. बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे.
– एक वाचक भगिनी, मखमलाबाद

ताई, दोघांनीही एकमेकांना दोष देणं आजच थांबवा, कारण दोघांचंही म्हणणं खरं नाही. द्राक्षावरची भुरी आणि गुलाबावरची भुरी या दोन वेगळ्या बुरश्या आहेत. डोळ्यांना सारख्या दिसतात, पण द्राक्षाची भुरी गुलाबावर जगत नाही आणि गुलाबाची द्राक्षावर रुजत नाही. हे उत्तर शेजाऱ्यांनाही वाचून दाखवा.

मग दोन्हीकडे एकाच आठवड्यात कशी येते? दोघींना आवडणारी हवा एकच आहे. दिवसा कोरडं, उबदार ऊन आणि रात्री गारवा, दमटपणा. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत नाशिकची हवा नेमकी अशीच असते. काळ्या ठिपक्यांना ओलं पान लागतं. भुरीचं उलटं आहे, पानावर पाणी साचलं तर तिचा बीजाणू नीट रुजत नाही. म्हणून भर पावसात भुरी दबते आणि पाऊस गेला की डोकं वर काढते. फ्रान्समधल्या द्राक्षबागांत ओळीच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे. गुलाबावर भुरी दिसली की हवा रोगाला पोषक झाली, हे बागवानाला कळतं. तुमच्या शेजाऱ्यांना तुमचे गुलाब असे उपयोगी पडू शकतात, आणि त्यांच्या फवारणीचा आवाज आला की तुम्ही आपल्या झाडांचे शेंडे तपासू शकता.

शेंडेच का? भुरी कोवळ्या भागावर आधी येते. पान वाटीसारखं वळतं, लालसर होतं. कळीच्या देठावर पीठ दिसतं आणि कळी उमलत नाही. बोटाने पुसून बघा, पीठ बोटाला लागेल. भिंगाखाली ते पीठ म्हणजे पारदर्शक मण्यांच्या उभ्या माळा दिसतात. माझ्या विद्यार्थिनींना मी हेच पहिल्यांदा दाखवत असे, आणि दरवर्षी कोणीतरी "अय्या, किती सुंदर!" म्हणायचीच.

थोडीच असेल तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी मिसळून आठवड्यातून एकदा सकाळच्या उन्हात फवारा. हा निव्वळ घरगुती समज नाही. 1999 साली ब्राझीलमध्ये झुकिनीवरच्या भुरीवर दुधाचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि त्यात ते उपयोगी ठरलं. पसरली असेल तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम. गंधकाची दोन पथ्यं मात्र पाळायचीच. पारा 32 अंशांच्या वर असताना ते फवारायचं नाही, आणि कडुनिंबाचं किंवा कोणतंही तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नाही. माझ्याकडून एकदा मार्चमध्ये ही दोन्ही पथ्यं एकदम मोडली गेली. तेल मारून पाचच दिवस झाले होते आणि दुपार तापली होती. दोन दिवसांत अकरा झाडांच्या पानांच्या कडा करपल्या. त्यातलं एक झाड आईने लावलेलं होतं. ते वाचलं नाही. तेव्हापासून फवारणीची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. तुम्हीही लिहा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजोबांनी गुलाबाची छाटणी केली आणि आता छाटलेल्या टोकापासून काड्या खाली काळ्या पडत चालल्या आहेत. आजोबा म्हणतात बोर्डो लाव. ते घरी कसं बनवायचं?
– एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

बाळा, आजोबांचं बरोबर आहे. या रोगाला शेंडेमर म्हणतात. कापलेल्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि काडी वरून खाली वाळत जाते. काळा भाग जिथे संपतो त्याच्या दोन बोटं खाली, हिरव्या भागात, डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर तिरका काप घे. कापलेल्या तोंडाचा मध्य पांढरा-हिरवट दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली काप. कात्री प्रत्येक झाडानंतर डेटॉलच्या किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घे. एकाच कात्रीने दहा झाडं छाटली तर रोगही दहा झाडांना जातो.

आता बोर्डो मलम. दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), दहा ग्रॅम कळीचा चुना आणि शंभर मिलिलिटर पाणी. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घे, लोखंडाची अजिबात नको. अर्ध्या पाण्यात मोरचूद विरघळव. त्याला वेळ लागतो, पूड करून घेतलीस तर बरं. उरलेल्या पाण्यात चुना विझव. चुना विझताना पाणी उकळतं आणि उडतं, म्हणून हे काम आजोबांना समोर बसवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून कर. दोन्ही थंड झाले की मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओत आणि लाकडी काडीने ढवळत राहा. आभाळासारखा निळा रंग येतो.

लावण्याआधी एक परीक्षा असते. माझे वडील विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून मिनिटभर धरायचे आणि बाहेर काढून उन्हात तिरकं करून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर मोरचूद मोकळं राहिलंय, ते झाडाला भाजेल, आणखी चुना हवा. पातं जसंच्या तसं चमकत असेल तर मिश्रण तयार. तू घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा वापर. लोखंडावर तांबं का चढतं, हे तुझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे, ते काढून वाच. जुन्या ब्रशने फक्त कापलेल्या तोंडांवर लाव, आणि केलेलं त्याच दिवशी संपव. शिळ्या बोर्डोत दम राहत नाही.

याचा शोध कसा लागला तेही सांगते, कारण आपण द्राक्षाच्या जिल्ह्यातली माणसं. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर तिथले शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे. निळ्या डागांची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत, एवढाच हेतू. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांनी 1882 साली पाहिलं की आतल्या वेलींची पानं केवडा नावाच्या बुरशीरोगाने गळाली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. तीन वर्षं प्रयोग करून 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केलं. सगळ्यांना दिसत होतं, पण थांबून "का?" असं त्यांनी विचारलं. मला ही गोष्ट फार आवडते.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस चिकटलाय, कळ्या गळतात, पानं काळी आणि चिकट झालीत. बुरशीनाशक मारून उपयोग नाही.
– एक वाचक, सिडको

उपयोग होणार नाही, कारण तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड आहे. ती झाडाचा रस पिते आणि गोड चिकटा टाकते, त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. काळं दिसतं म्हणून लोक बुरशीनाशक आणतात. आधी बुंध्याकडे बघा, मुंग्यांची रांग असणारच. चिकट्यासाठी मुंग्या या किडीची राखण करतात. कुंडीच्या कडेला आणि बुंध्याला ग्रीसचा पट्टा लावा. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी झाडावर पाण्याची जोराची धार मारा आणि नंतर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चमचाभर पातळ साबण मिसळून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा.

एक मात्र सांभाळा. त्या पांढऱ्यात एखादी मोठी, झिपरी, भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी, पिठ्या ढेकूण खाऊनच ती जगते. हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. अशा अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा.

प्रश्न : सदाफुलीच्या एका झाडाला हिरवी, पानांसारखी फुलं येत आहेत. नवीन जात तयार झाली का? बी धरू का?
– एक वाचक, पंचवटी

काका, तुम्ही किती हौसेने लिहिलंय ते कळतं, त्यामुळे सांगताना वाईट वाटतं. हा रोग आहे, वांग्याच्या पर्णगुच्छाचा भाऊबंद. पाकळ्यांची पानं होतात, पेरं आखूड होतात, झाड झाडूसारखं दिसतं. याला कारण फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जीव. 1967 साली जपानी शास्त्रज्ञांना ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसले, तोवर असे रोग विषाणूंचे समजले जात. तुडतुडे रस पिताना ते एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. यावर घरी करण्यासारखा इलाज नाही. झाड आजच मुळासकट उपटून पिशवीत बंद करा, नाहीतर शेजारचे झेंडू आणि ॲस्टर जातील. माती टाकू नका, रोग मातीतून येत नाही. त्याच कुंडीत नवं रोप लावा.

प्रश्न : निशिगंधाचे कंद जमिनीलगत कुजतात, पान ओढलं की हातात येतं.
– एक वाचक, आडगाव

बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात का? दिसत असतील तर ती मूळकुज-खोडकुज करणारी बुरशी, आणि ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ती रोपं हातभर मातीसकट काढा. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षं निशिगंध नको. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा, कडा मातीने दाबा, सहा आठवडे तसंच ठेवा. नंतर चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून द्या. पाणी तुंबत असेल तर आधी वाफा उंच करा.

प्रश्न : मोगऱ्याची पानं पिवळी पडतात. दोन बुरशीनाशकं झाली. बोअरचं पाणी देतो.
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर

कोणती पानं पिवळी, कोवळी की जुनी, ते लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. शेंड्याची पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. काळ्या चुनखडीच्या मातीत आणि जड बोअरच्या पाण्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. तीन ग्रॅम फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात, त्यात लिंबाची एक फोड पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. ईडीटीए प्रकार आपल्या मातीत फार टिकत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर मोगऱ्यासाठी राखून ठेवा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होत असतील तर कुंडीचं भोक बुजलंय का बघा, तुंबलेल्या पाण्यानेही असं होतं. दोन्हींत बुरशीनाशकाचं काम नाही.

तुमच्या पत्रासोबतचं पान माझ्यापर्यंत काळा चिखल होऊन पोहोचलं, म्हणून नेमकं सांगता आलं नाही. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं की त्याला घाम सुटतो आणि ते वाटेतच कुजतं. एक कोवळं आणि एक जुनं, अशी दोन कोरडी पानं जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून पाठवा, आणि पाणी सकाळी देता की संध्याकाळी, तेवढं कोपऱ्यात लिहा.